थोरलीच्या हीटरची तोटी

तमाम दांडिया बाजार, त्याच्या आजूबाजूचे सर्व बोळ, पादरा गावचे भाजीवाले आणि करजण रस्त्यावरचे यच्चयावत चहावाले यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की बडोदे शहरातला, आणि माझ्या माहितीप्रमाणे अख्ख्या गुजरात राज्यातला, चालू अवस्थेतला एकमेव ट्रकचा हीटर बंद झाला आहे. भर मे महिन्यात त्याची ऊब अंगावर घेण्याचं भाग्य ज्यांना लाभलं, त्यांनी आपापल्या घरी क्षणभर शांत उभं राहावं. पंखा लावून उभं राहिलं तरी चालेल.

कशी वाटली सुरुवात, दादा? तुला आवडली असती. वर्तमानपत्राला जो मजकूर दिलाय त्यात तुझा जन्म, तुझं शिक्षण, मागे कोण कोण उरलं हे सगळं आलंय. शिवाय ‘मनमिळाऊ स्वभावाचे’ असंही आलंय. वहिनीने ते वाचलं, चष्मा काढला, आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हा ते सगळं तिथेच राहू दे. मला तुझ्याशी हीटरबद्दल बोलायचंय. तुझं तेरावं अजून व्हायचंय. खाली माणसं भिंतीला टेकून कुजबुजतायत, म्हणून मी गच्चीवरच्या खोलीत येऊन बसलेय. इथून देवळामागची मोकळी जागा दिसते, आणि त्या जागेत थोरली दिसते. तिला कुणीतरी आणून उभी केलीय, पण तू उभी करायचास तशी नाही. तोंड भिंतीकडे आहे.

थोरली म्हणजे तुझा भाजी वाहायचा ट्रक, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सैन्याने लिलावात काढलेली, चपट्या तोंडाची, म्हातारी गाडी. हिरव्या रंगावर तू निळा चढवलास, पण पावसाळ्यात कुठून कुठून हिरवा वर यायचाच. ती तुझ्या लग्नाआधी घरी आली, म्हणून वहिनीने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ठेवलं. “मी धाकटी. थोरलीला आधी पाणी पाजा, मग माझा चहा होईल.” तू हसलास, आणि खरोखरच आधी थोरलीला पाणी पाजून आलास.

सैन्याची गाडी, म्हणून तिला हीटर. कुठेतरी बर्फात फिरायला ती बनवलेली. इंजिनातलं तापलेलं पाणी रबरी नळीतून ड्रायव्हरच्या पायाशी असलेल्या पेटीत यायचं, तिथला पंखा त्यावर वारा मारायचा, की झाली ऊब. बडोद्यात कुणीही शहाणा माणूस पहिल्याच दिवशी ती नळी काढून टाकतो. रमणभाई मिस्त्री, ज्यांच्या गॅरेजात थोरलीचं निम्मं आयुष्य गेलं, ते दर वेळी तुझ्यापुढे हात जोडायचे. “दादा, काढी नाखो ने आ हीटर. वडोदरामां कोने ठंडी लागे छे?”

आणि तू छाती काढून सांगायचास, “रमणभाई, इंजिन तापलं की हीटर उघडायचा. इंजिनाचा ताप आपण अंगावर घ्यायचा. मग गाडी वाचते.”

ही गोष्ट खरी होती. चढावर काटा लाल रेघेकडे सरकला की तू हीटर उघडायचास, सगळी काहिली आमच्या मांड्यांवर यायची, आणि काटा खरोखर मागे हटायचा. आम्ही भाजून निघायचो आणि तू विजयी मुद्रेने आमच्याकडे बघायचास. इंजिनाचा ताप आपण अंगावर घ्यायचा. हे वाक्य तू इतक्या वेळा, इतक्या आनंदाने म्हटलंस, की त्यात भिण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

मग करजणची ती दुपार आली.

मी तिथे नव्हते. जे सांगते ते वहिनीने सांगितलेलं, आणि तिने ते एकदाच सांगितलं. ती बहिणीकडून तुझ्याबरोबर परत येत होती. पुढे एक बैलगाडी चालली होती, कडब्याने भरलेली, आणि कडब्यावर एक बाई मांडीवर मूल घेऊन थोरलीकडे तोंड करून बसली होती. वहिनी म्हणते, तुझे डोळे उघडे होते, पण तू त्यांत नव्हतास. तिने हाक मारली. तू गाडी चालवत राहिलास. मग तिने अंग झोकून स्टेअरिंग स्वतःकडे ओढलं. थोरली बैलगाडीला घासून रस्त्याखाली उतरली आणि चिखलात रुतून बंद पडली. कडब्यावरची ती बाई ओरडली नाही. नुसती बघत राहिली, म्हणे. वहिनीला अजून स्वप्न पडतं, त्यातही ती बाई ओरडत नाही.

तू भानावर आलास. भोवती केबिनमध्ये वाफ भरली होती. आणि तुझं पहिलं वाक्य होतं, “हीटरची तोटी गळतेय.”

गळत होती, नाही असं नाही. रबरी नळी इंजिनाला जिथे जोडतात तिथे एक पितळी तोटी असते, ती मुळाशी कुजून गेली होती. आणि थोरलीचं इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधे झाकणाखाली, त्यामुळे गळकी वाफ थेट तोंडावर यायची. झालं. तुला हवा होता तो गुन्हेगार सापडला. चक्कर कशाने आली? वाफेने. वाफ कशाने आली? तोटीने. तोटी बदलली की संपलं! डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या तपासण्या करा आणि सध्या गाडी चालवू नका. त्यातलं ‘सध्या’ तेवढं तू ऐकलंस.

त्या दिवसांत आपलं घर कसं झालं होतं, आठवतं? तू जिना चढलास की वहिनी पोळ्या लाटायची थांबायची आणि पावलं ऐकायची. एका संध्याकाळी तिने लाटणं खाली ठेवलं आणि तुला माझ्यादेखत सांगितलं, “अहो, मरणाला मी भीत नाही. तुम्ही गेलात तर रडेन, जन्मभर रडेन. पण त्या बाईला घेऊन गेलात, तिच्या मुलाला घेऊन गेलात, तर मी कुणाच्या दारात जाऊन रडायचं? एवढंच सांगा मला.”

त्यावर तू पैज मांडलीस. संकटात सापडला की आपल्या घराण्यातला पुरुष पैज मांडतो.

ठरलं ते असं. नवी तोटी बसवायची, दसऱ्याला थोरलीतून पावागडावर, गाडी जाते तिथवर जायचं आणि परत यायचं. गाडीत वहिनी आणि मी साक्षीला. सगळं नीट झालं तर दोष तोटीचा होता हे सिद्ध, मग या घरात कुणी ‘डॉक्टर’ हा शब्द काढायचा नाही. गाडी वाटेत थांबली तर किल्ली वहिनीच्या पदरात.

“कुठल्याही कारणाने थांबली तर,” वहिनी म्हणाली.

“कुठल्याही कारणाने,” तू म्हणालास.

आणि न्यायाधीश मी, कारण मी शाळेत शिकवते आणि भांडणं मिटवायचा मला पगार मिळतो. मी किती खूष होते तेव्हा! मला वाटलं, काय छान नाटक रंगतंय आणि काय झकास भूमिका मिळालीय मला.

आता यात खंडेनवमी कशी आली ते सांगायला हवं, कारण तीच सगळ्याच्या मुळाशी आहे. आपले पणजोबा संस्थानच्या फौजेत शिलेदार. त्यांची तलवार नवमीला पुजली जायची. ती तलवार पुढे कुठे गेली याबद्दल प्रत्येक काकांचं वेगळं मत आहे आणि प्रत्येकाचा संशय दुसऱ्या काकांवर आहे. तलवार गेली, पण पाट राहिला, लाल कापड राहिलं. त्यावर तू पाने, पक्कड, हातोडी, छिन्नी मांडायला लागलास. नवमीला घासूनपुसून पूजा, आणि दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत त्यातल्या एकालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी आपल्या घरात दाराची बिजागरी निखळली तर दार हाताने धरून बसतात.

तोटी तू आधीच आणून ठेवली होतीस. बदलायची मात्र आज-उद्या करता करता नवमी उजाडली. मी सकाळी खाली आले तर लाल कापडावर पान्यांच्या रांगेत तीही उभी, चकचकीत, चिमुकल्या फुलदाणीसारखी.

“दादा, हे हत्यार नाही,” मी म्हटलं. “हा सुटा भाग आहे. उचल आणि बसव.”

“छबू, लढाईला निघालेल्या घोड्याचा नाल हत्यार नसतो?”

“नसतो!”

“म्हणून तू मास्तरीण झालीस आणि पणजोबा शिलेदार झाले.”

वहिनीने आपल्या दोघांकडे लक्ष न देता पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता. प्रत्येक पान्यावर एक झेंडू. पाने आडवे, त्यांच्यावर फूल राहतं. तोटी उभी, तिच्यावर राहीना. म्हणून तिने फुलाचा देठ तोटीच्या तोंडात खोचला, अंगठ्याने दाबून घट्ट बसवला. फार गोड दिसत होती ती. आपण तिघांनी नमस्कार केला.

त्या दुपारी देवळामागे थोरली उभी होती आणि तिच्या पोटाखाली गंजाचं लाल पाणी पडत होतं. थेंब पडायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा थेंब. मी सकाळी तिच्या चाकापुढे रांगोळी काढली होती. पाण्याचा ओघळ हळूहळू सरकत तिथवर आला आणि रांगोळीतून आरपार गेला. वहिनी कधीची माझ्या मागे येऊन उभी होती.

“पुसून टाक,” ती हळूच म्हणाली. “त्यांना दिसायच्या आत पुसून टाक.”

मी शकुन-अपशकुन मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण मी धावत जाऊन झाडू आणला.

दसऱ्याला सकाळी फाफडा-जिलबी खाऊन तू कामाला लागलास. उत्तरपूजा झाली, पाने सुटले, इंजिनावरचं झाकण उघडलं. जुन्या तोटीला पाना लावलास, जोर केलास, आणि ती मोडली. वरचं तोंड तुझ्या हातात आलं आणि खालचं कडं इंजिनातच राहिलं, दात मोडून मूळ हिरडीत राहावं तसं. रमणभाई दसऱ्याचे गावाला गेलेले. तू म्हणालास काही हरकत नाही. करवतीचं पातं फडक्यात धरून त्या कड्याला आतून चीर पाडायला बसलास, इंजिनाच्या आट्यांना धक्का न लावता. पितळेचा चुरा पडत होता, आणि तुझा घाम टपटप इंजिनावर पडत होता.

मधेच तू थांबलास. पातं खाली ठेवलंस आणि डावा हात मांडीवर घेऊन बसलास, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

“काय रे?”

“काही नाही. दम खातेय ती.”

“कोण ती?”

“थोरली.”

मी हसले. वहिनी हसली नाही.

शेवटी छिन्नीने ते कडं आत दुमडून तू बाहेर काढलंस, आणि लढाई जिंकल्यासारखा ओरडलास. मग पाटावरची नवी तोटी उचललीस, झेंडूला बोंडाशी धरून उपटलंस, फूल कपाळाला लावून थोरलीच्या काचेपाशी ठेवलंस. आट्यांना सूत गुंडाळलंस, गळू नये म्हणून वरून सफेदा लावलास, तोटी आवळलीस, नळी चढवलीस, क्लिप कसलीस. पाणी भरून इंजिन सुरू केलंस. गळती नाही. तू तोटीखाली तळवा धरलास, बराच वेळ धरलास, आणि मग वहिनीपुढे नेलास.

“बघ. कोरडा.”

तळवा कोरडा नव्हता, दादा. घामाने निथळत होता. ते पाणी इंजिनाचं नव्हतं, एवढंच खरं.

जेवणं करून आपण निघालो. हालोलपर्यंत तू गात होतास आणि मी तुझ्या गाण्याला नावं ठेवत होते. वहिनी माझ्या आणि दाराच्या मधे अंग चोरून बसली होती आणि तिची नजर एकदाही रस्त्यावर नव्हती. ती तुझ्या डोळ्यांकडे बघत होती. आरशातून बघत होती, म्हणजे तुला कळू नये.

गडाचा चढ लागला. ऑक्टोबरचं ऊन, रस्त्याच्या कडेने पायी चालणारी माणसं, खांद्यावर पोरं, हातात नारळ. मागे बसगाड्या, पुढे जीपगाड्या, आणि वर घारी. थोरली दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढत होती. काटा सरकायला लागला. तू गाणं थांबवलंस. काटा आणखी सरकला. मग तू माझ्याकडे बघून डोळा घातलास.

“चला, बायांनो. ताप अंगावर घ्या!”

आम्ही दोघींनी पदर सावरले, पाय वर घेतले. तू हीटर उघडलास.

गार वारा आला.

“अगंबाई!” वहिनी म्हणाली. करजणनंतर पहिल्यांदाच मी तिचा आवाज हलका झालेला ऐकला. “किती छान गार वाटतंय! नवी तोटी बसवल्याचा हा गुण होय? मग रोज असाच का नाही हो लावत?”

मी खो खो हसले. आणि हसता हसता तुझ्याकडे बघितलं.

तूच मला सांगितलं होतंस, कितीदा तरी. इंजिन तापलेलं आहे आणि हीटर गार वारा टाकतोय, यापेक्षा वाईट लक्षण नाही. त्याचा अर्थ आत पाणीच उरलेलं नाही. लोखंड कोरडं जळतंय, आणि आता कुठल्याही क्षणी ते जागच्या जागी धरणार, जाम होणार. मग गाडी चढावर ढकलताही येत नाही आणि रोखताही येत नाही. वहिनी पदराने वारा घेत होती. पुढच्या वळणावर एक बाई कडेवर मूल घेऊन, थोरलीकडे पाठ करून चालली होती.

मला वाटलं, तू थांबणार नाहीस. थांबलास की किल्ली गेली. थांबलास की त्या दिवशी करजणला तोटी नव्हे, तूच गळत होतास, असं होणार होतं. आणि तू त्या वळणाच्या आधी, नारळवाल्याच्या मांडवाशेजारी जरा रुंद जागा होती तिथे, गाडी शांतपणे आत घेतलीस आणि बंद केलीस.

इंजिन बंद झाल्यावर जी शांतता पडली, तिच्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं होतं. बोलायचं राहून गेलं.

तू खाली उतरला नाहीस. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून, डोळे मिटून बसून राहिलास. तुझे ओठ जांभळट दिसत होते. बाहेर माणसं देवीचा जयजयकार करत चालली होती. वहिनी माझ्या अंगावरून हात लांब करून तुझ्या पाठीवर ठेवून बसली. किल्ली जिंकली म्हणून तिने एक शब्द काढला नाही. बऱ्याच वेळाने तू डोळे उघडलेस आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणालास, “छबू, झाकण उघड.”

पुढचं सगळं मी लोकांना सांगितलंय. गेल्या काही आठवड्यांत शाळेत, बारशात, रमणभाईंच्या गॅरेजात, जिथे ऐकायला कुणी मिळालं तिथे, अभिनयासह. इंजिन जरासं निवल्यावर बघतो तर पाणी काठोकाठ भरलेलं. गळती कुठेच नाही. इंजिनाची भिंत अजूनही हात लावू देत नाही इतकी तापलेली, आणि तिच्यातून निघालेली हीटरची नळी गार. तू चक्रावलास, क्लिप सोडवलीस, नळी ओढलीस. तोटीच्या तोंडात झेंडूच्या देठाचं हिरवं बूड रुतून बसलेलं, भाजीसारखं शिजलेलं. सकाळी तू फूल उपटलंस तेव्हा नुसतं बोंडच हातात आलं होतं.

पहिला हसलास तो तू. खोकला येईपर्यंत हसलास. “सुमन! देवीचं फूल इंजिनाला वाहिलंस!”

“गाडी थांबली,” वहिनी म्हणाली.

“अगं, पण गाडीत दोष कुठाय? पाणी आहे, तोटी गळत नाही. चढ होता, ऊन होतं, इंजिन जरा तापलं. हीटर चालू असता तर आपण वर पोचलो असतो. दोष फुलाचा आहे!”

“कुठल्याही कारणाने, असं ठरलं होतं.”

“पूजेतलं फूल कारणात धरायचं नाही. पाप लागतं.”

एव्हाना माणसं जमली होती. नारळवाल्याला अर्धं समजलं होतं, तरी त्याने निकाल दिला, “मासी बराबर कहे छे, काका.” तू त्याच्याकडे असं पाहिलंस, जणू काकांनी नेलेली तलवार त्यानेच विकली. मग तू माझ्याकडे वळलास. “न्यायाधीशबाई! बोला.”

मी एका दगडावर चढले. पदर खांद्यावर घेतला. गाडी निर्दोष, तोटी निर्दोष, फूल तर निर्दोषच. म्हणून किल्ली दादाकडे राहील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण एक अट, मी म्हटलं, आणि ते म्हणताना माझा नाटकी आवाज मधेच कुठे गेला कळलं नाही. “ज्या क्षणी काही वेगळं वाटेल, तोटीत नव्हे, तुझ्यात, त्या क्षणी गाडी कडेला. पोचायला उशीर होतोय बघायचं नाही. कोण काय म्हणेल बघायचं नाही. थांबायचं.”

“मंजूर,” तू म्हणालास. “देवीची शपथ.”

“शपथा नकोत,” वहिनी म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, तुझ्याकडेही नाही. “छबू, तू खेळ करतेस. हे थांबणारे नव्हेत. यांच्या घराण्यात मागे वळलेला कुणी नाही. म्हणून तर फोटोंना हार घालायला भिंत पुरत नाही.” मग ती तुझ्याजवळ गेली आणि तुझ्या सदऱ्यावरची पितळेचा चुरा झटकत म्हणाली, “मी मागतेय ते एवढंच आहे हो. थांबा. माझ्यासाठी नको. पुढे कुणीतरी चाललेलं असतं.”

वर आपण गेलोच नाही. खालूनच हात जोडले आणि परत फिरलो. उतरताना तू हीटर उघडलास, आणि तो असा पेटला की मी आणि वहिनी भाजलेल्या वांग्यासारख्या घरी आलो. तू किती खूष होतास! वाटेत पुन्हा गायलास.

लोकांना सांगताना मी हसण्यापाशी थांबते. तुला मात्र विचारायचं होतं ते हे, की तू कशासाठी थांबलास? फूल सापडलं, आणि सगळ्यांना कारण मिळालं. पण फूल सापडायच्या आधी तू डोळे मिटून बसला होतास. काटा बघून गाडी बाजूला घेतलीस, की तुझ्यातच काहीतरी सरकलं होतं आणि काटा तुला निमित्त म्हणून बरा सापडला? दिवाळीत पणत्या लावताना मी विचारणार होते. तू म्हणाला असतास, “मास्तरीण आहेस, पेपर तपास, मला तपासू नकोस.” ते ऐकावं लागेल म्हणून नाही, खरं उत्तर ऐकावं लागेल म्हणून मी पणत्यांत तेल घालत राहिले. कशासाठी का असेना, आम्ही दोघी घरी आलो आणि पुढची ती बाई तिच्या पोरासकट त्या वळणावरून पुढे गेली. त्याबद्दल तुझे आभार कुणी मानले नाहीत. हे घे.

दिवाळी झाली, हवा जरा गार पडली. तू पादऱ्याहून भाजी भरून करजणकडे निघालास. तू जाताना वहिनी दारात उभी राहिली. दुपारी शेजारच्या दुकानात फोन आला. दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं.

वहिनी तुझ्याजवळ गेली नाही. ती व्हरांड्यातच उभी राहिली, खांब धरून, आणि तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता हिच्याकडेच डॉक्टरांना बोलवावं लागेल. तुला तिथे आणणारा माणूस बाकावर बसला होता. रस्त्यावरच्या एका चहाच्या हॉटेलचा मालक, गुजराती, पन्नाशीचा. वहिनीने त्याला मराठीत विचारलं, “पुढे कोण होतं?”

त्याला कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं, मोठ्याने. “पुढे कोण होतं? गाडीच्या पुढे?” मी पुढे होऊन गुजरातीत विचारलं, अपघात झाला का, कुणाला लागलं का.

तो गोंधळून उठला. “अकस्मात? ना रे, बेन. निशाळ छूटी हती, रस्ता पर छोकरां ज छोकरां. पण गाडी तो एकदम साइडमां ऊभी. एंजिन बंद, हॅन्डब्रेक खेंचेली. मने एम के काका चा पीवा ऊभा रह्या छे.” शाळा सुटलेली, रस्ताभर मुलं, आणि तू गाडी कडेला लावून, ब्रेक ओढून बसलेला. चहा प्यायला थांबला असशील, असं वाटून तो बिचारा चहा घेऊन आला होता.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. पण बडोद्यात जन्म काढलेल्या बाईला एवढं गुजराती सांगावं लागत नाही. वहिनीने खांब सोडला, माझं मनगट पकडलं, आणि सगळा दवाखाना वळून बघेल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “थांबले! छबू, थांबले गं ते! ऐकलं माझं!”